तपासून घेतलेली गाडी

"अकराव्या गाडीत काय निघालं?" दानम्माने ताटात भाकरी टाकत विचारलं.

"गाडीत काय निघालं न्हाय," मल्लिनाथ म्हणाला. "मालक लई हसत होता."

दानम्माने पुढची भाकरी थापायला घेतली. सहा महिन्यांत तिने दहा गाड्यांची दहा कारणं ऐकली होती. एका गाडीचा आकडा साठ हजार किलोमीटर दाखवत होता, पण क्लचच्या पायपट्टीचं रबर झिजून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या एका गाडीतलं कार्पेट वर उचललं तर खाली पुराचा वाळलेला गाळ. तिसरीचा धूर निळा, म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. चौथीचा मालक नवऱ्याला सकाळी सातला बोलावून स्वतः साडेसहालाच इंजिन गरम करून बसलेला, थंड इंजिन लागत नाही हे कळू नये म्हणून. इथपर्यंत तिला पटत होतं. पुढे मात्र कारणं बारीक बारीक होत गेली, आणि आता तर एक माणूस हसला म्हणून गाडी गेली होती.

मल्लिनाथ कलशेट्टी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात चेकर होता. सव्वीस वर्षं लांब टेबलापाशी ट्यूबलाइटखाली उभा राहून तो टॉवेल उलटेपालटे करत आला होता. तुटलेला धागा, तेलाचा डाग, काठाला पडलेली घडी. असलं काही दिसलं की टॉवेल डावीकडे, नाही दिसलं की उजवीकडे. त्याच्या हातून वाईट माल पुढे गेल्याची तक्रार सव्वीस वर्षांत एकदाच आली होती आणि ती त्याला अजून झोपेत आठवायची. उजवीकडे टॉवेल टाकताना त्याला कधी आनंद झाला नाही. आपल्याला दिसलं नाही, एवढंच त्याच्या मनात यायचं.

गाडी काही हौसेपोटी घ्यायची नव्हती. त्याचे वडील गुरप्पा मैंदर्गीला राहत. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला सोलापुरात यावं लागे. मैंदर्गी सोडून पोराकडे येऊन राहा म्हटलं की ते "ओल्ले" एवढंच म्हणत, म्हणजे नको, आणि भिंतीकडे तोंड करत. मग मल्लिनाथ अर्धी रजा टाकून त्यांना एसटीने आणी आणि एसटीनेच पोचवी. परतीच्या वाटेवर म्हातारा खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसे आणि वळसंगच्या पुढे हमखास ओकत असे. आजूबाजूचे प्रवासी पाय वर घेत. मल्लिनाथ पिशवीतून कारखान्याचा डावीकडचा टॉवेल काढून पुसून घेई.

दर वेळी गाडी बघून रिकाम्या हाताने आला की पुढच्या फेरीत तो वडिलांना तिच्यातला दोष सांगे. गुरप्पा सगळं ऐकून घेत. मागच्या शुक्रवारी मात्र ते म्हणाले, "एवढं काय बघतोस तिच्यात? जुनं म्हटल्यावर कायतरी वाजणारच की. मला काय नवा म्हणून नेतोस व्हय?"

मल्लिनाथला ते लागलं. म्हणून तो बारावी गाडी बघायला गेला.

ही गाडी नई जिंदगी भागात राहणाऱ्या रशीदाबाईंची होती. त्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पती उमरसाहेब आठ महिन्यांपूर्वी वारले. मुलगा आतिफ पुण्याला, त्याला गाडी नको होती. बाईंना चालवता येत नव्हती. सात माणसं बसतील अशी डिझेल गाडी, अकरा वर्षांची, पांढरी, अंगणात बदामाच्या झाडाखाली उभी होती.

तपासायला मल्लिनाथने इलाहीबक्ष मिस्त्रीला नेलं. इलाहीबक्षचं गॅरेज एमआयडीसीच्या कोपऱ्यावर होतं आणि आधीच्या अकराही गाड्या त्यानेच बघितल्या होत्या, त्यामुळे तो जरा थकलेला होता. त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन लागलं. मागे काळ्या धुराचा एक भपका आला आणि मग नळी साफ झाली. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून बघितलं, वाफ नाही. गाडीखाली झोपला, गंज नाही, गळती नाही. चासीचा नंबर कागदांशी जुळत होता, विमा चालू होता, कर्ज नव्हतं, आणि नवरा गेल्यावर बाईंनी कागद रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतले होते. उमरसाहेबांनी प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एका फाइलीत लावून ठेवलेली.

इलाहीबक्षने हात पुसले आणि मल्लिनाथला बाजूला घेतलं. "डोळे झाकून घ्या. अशी गाडी मलाच मिळाली असती तर बरं झालं असतं."

इथेच मल्लिनाथ बिथरला. गाडीत काही निघालं असतं तर तो निर्धास्त झाला असता. काहीच निघत नाही म्हणजे ते खोल कुठेतरी दडून बसलंय, असं त्याला वाटू लागलं. त्याने बाईंना किंमत विचारली. त्यांनी सांगितली, आणि ती रास्त होती. त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला. शेवटी तो म्हणाला की उद्या रविवार आहे, मी एकटाच गाडी घेऊन जातो, वळसंगपर्यंत चाळीस किलोमीटर फिरवून आणतो, मग ठरवू. इलाहीबक्षने कपाळाला हात लावला. बाई मात्र म्हणाल्या, "न्या की. किल्ली घेऊनच जा." त्यांनी ओळखपत्रही मागितलं नाही. रात्रभर मल्लिनाथ या गोष्टीचा विचार करत राहिला.

रविवारी सकाळी नऊ वाजताच ऊन चटका देत होतं. मल्लिनाथने पन्नाशीत येऊन गाडी शिकली होती आणि लायसन्स काढल्यापासून तो बहुतेक दुसऱ्यांच्याच गाड्या तपासण्यापुरता चालवत आला होता. तो काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून, कान टवकारून निघाला. गाडी कुठेही वाजली नाही. खड्ड्यात गेली, वाजली नाही. गतिरोधकावरून मुद्दाम जोरात नेली, तरी नाही. एमआयडीसीजवळ इंधनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा त्याला क्षणभर आशा वाटली. पण दिवा खराच होता, टाकी रिकामीच होत आली होती.

परक्याची गाडी, आपण फिरवायची तर इंधन आपणच घालायला हवं, एवढी सभ्यता त्याच्यात होती. कारखान्याजवळच्या ज्या पंपावर तो सव्वीस वर्षं मोटारसायकल नेत आला होता तिथे त्याने गाडी वळवली आणि नेहमीच्याच मशीनपाशी उभी केली. टोपी घातलेल्या बाईने काहीतरी विचारलं. त्याने हजारचं टाका म्हणून सांगितलं. "शून्य बघा," ती म्हणाली. मल्लिनाथ खाली उतरला, चष्मा पुसला आणि वाकून शून्य बघितलं. पंपावर लोक कसे फसतात हे त्याला माहीत होतं. तिने आणखी एकदा काहीतरी विचारलं तेव्हा तो आकडे सरकताना बघत होता. नजर न हलवता तो "व्हय" म्हणाला. हजारला आकडा थांबला, बरोबर हजारलाच. या व्यवहारात तरी आपण फसलो नाही, या समाधानात तो पुढे निघाला.

कुंभारीच्या अलीकडे गाडी पहिल्यांदा वाजली.

आधी पुढून खडखड ऐकू आली, डब्यात खडे हलवावेत तशी. मग जोर गेला. पाय दाबला तरी गाडी पुढे जाईना. आरशात पांढरा धूर दिसला, दोन गचके बसले आणि रस्त्याच्या कडेला बाभळीपाशी इंजिन बंद पडलं. मल्लिनाथने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. सापडलं. त्याला आधीच माहीत होतं. मिस्त्रीला दिसलं नाही, फाइलीत दिसलं नाही, पण होतं. त्याने आधी इलाहीबक्षला फोन लावला आणि मग रशीदाबाईंना. दोन्ही फोनवर त्याचा आवाज जरा चढलेलाच होता.

इलाहीबक्ष यायच्या आधी बाई पोचल्या. रिक्षातून उतरून, डोक्यावरचा पदर सावरत त्या उन्हात गाडीपाशी आल्या आणि त्यांनी आधी विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना?"

हा प्रश्न मल्लिनाथने उडवून लावला आणि मनात जुळवून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. सव्वीस वर्षं माल तपासतोय, त्याने सांगितलं. असा दोष एका दिवसात येत नसतो. तो आत मुरलेला असतो, वर्षानुवर्षं. चालवणाऱ्याला तो ठाऊक असतोच असतो. एवढ्या पावत्या जपून ठेवणाऱ्या माणसाला कळलं नसेल, हे कसं मानायचं?

"म्हणजे आतिफच्या अब्बांना माहीत होतं, असं म्हणता?"

"माहीत असणारच की, मॅडम."

बाई गाडीकडे बघत राहिल्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि ते तापलं होतं म्हणून काढून घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला कधी बोलले नाहीत. छत्तीस वर्षांत काही लपवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले."

मल्लिनाथ किमतीवर आला. पन्नास हजार कमी करावे लागतील, असं त्याने सांगितलं. तासभर घासाघीस होईल असं धरून त्याने आकडा फुगवला होता. बाईंनी लगेच मान हलवली. "जे योग्य असेल ते कमी करा. खोटा माल विकला, असं कुणी त्यांना म्हणायला नको." एवढं बोलून त्या थांबवून ठेवलेल्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही.

इलाहीबक्षने जीपला दोर बांधून गाडी गॅरेजपर्यंत ओढून नेली. मागच्या गाडीतून उतरल्या उतरल्या मल्लिनाथने त्याला ऐकवलं की बघा, डोळे झाकून घ्या म्हणालात. मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकला. त्याने इंधनाचा फिल्टर सोडवला, आतलं थोडं एका वाटीत ओतलं, बोट बुडवलं, बोटाला बोट चोळलं आणि वास घेतला. परत घेतला. मग त्याने वाटी मल्लिनाथच्या नाकापुढे धरली.

"कुटं भरलं?"

"आपल्या कारखान्याजवळच. हजारचं."

"हजारचं काय?"

मल्लिनाथने वास घेतला. तो त्याच्या रोजच्या ओळखीचा वास होता. मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडलं की येतो तो. पंपावरची बाई दुसऱ्यांदा काय विचारत होती ते त्याला आता, तीन तासांनी, स्पष्ट ऐकू आलं. 'पेट्रोलच ना?' असं ती विचारत होती. आणि तो शून्य बघून झाल्यावर हजारकडे बघत "व्हय" म्हणाला होता.

"गाडीत दोष न्हाय," इलाहीबक्ष म्हणाला. "डिझेल आतल्या पंपाला तेलावानी वंगण देतंय, पेट्रोल ते धुऊन काढतंय. लवकर बंद पडली म्हणून वाचली. टाकी उतरवायची, सगळं धुवायचं, फिल्टर बदलायचा. बारा हजारांत होईल."

तो हात धुऊन आला आणि मल्लिनाथशेजारी जुन्या टायरवर बसला. मग रस्त्याकडे बघत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय अशा सुरात त्याने हिशेब मांडला. बाईंनी पन्नास सोडलेत. बारा खर्च. अडतीस वाचले. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातला एक तर मिस्त्री. मिस्त्रीच्या पोटात काय काय पडून असतं ते कुणी विचारत नाही. "मी घ्या म्हणत न्हाय, नको बी म्हणत न्हाय," तो म्हणाला.

अडतीस हजार म्हणजे मल्लिनाथचा दीड महिन्याचा पगार. तो बराच वेळ टायरवर बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक निर्दोष वस्तू मिळत होती, तीही कमी पैशांत. सगळा दोष काय तो त्याचा स्वतःचा होता, आणि तो डावीकडे टाकायची सोय नव्हती. बाई बॉनेटवरून हात काढून घेताना कशा दिसल्या होत्या ते त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी तो उठला आणि इलाहीबक्षची मोटारसायकल मागून घेऊन नई जिंदगीच्या रस्त्याला लागला.

रशीदाबाई सतरंजीवर बसल्या होत्या. पुढ्यात उमरसाहेबांची फाइल उघडी होती, अकरा वर्षांच्या पावत्या ओळीने मांडलेल्या. नवऱ्याने आपल्यापासून लपवलेला दोष त्या त्यात शोधत होत्या. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती.

मल्लिनाथ दारातच उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. त्याने सगळं सांगितलं. पंप, शून्य, हजार, व्हय. सांगताना त्याची नजर पायपुसण्यावर होती, आणि त्या पायपुसण्याचा एक धागा सुटला होता हेही त्याला दिसत होतं. "तुमच्या मालकांची काय चूक न्हाय," तो म्हणाला. "गाडी चांगलीच होती. मी तपासली म्हणून बिघडली."

बाईंनी एकेक पावती उचलून फाइलीत ठेवली. त्यांनी राग दाखवला नाही, माफही केलं नाही. मग मोबाइल घेतला. त्या म्हणाल्या की ही गाडी पहिल्यापासून आण्णांच्या गॅरेजशिवाय कुठे गेलेली नाही, आताही तिकडेच जाईल, खर्च तुमचा. त्यांनी नंबर लावला आणि कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"आण्णा, मी रशीदा बोलतेय. गाडी पाठवतेय तुमच्याकडे. तिच्यात चुकून पेट्रोल गेलंय."

पलीकडून आण्णांचा जड आवाज आला.

"परत?"

बाईंनी फोनकडे बघितलं. "परत म्हणजे?"

आण्णांनी घाईघाईने सांगितलं की काही नाही भाभी, तसंच तोंडातून गेलं. पण तीस वर्षं पोरांकडून खरं वदवून घेतलेली बाई होती ती. त्यांनी आवाज न चढवता तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला, आणि आण्णांनी शरणागती पत्करली. गाडी घेतली त्याच वर्षीची गोष्ट. उमरभाईंनी अशीच टाकी पेट्रोलने भरून आणली होती. काम दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत उमरभाई गॅरेजमधल्या बाकड्यावरच झोपले, कारण बायकोला काय सांगायचं ते सुचेना. शेवटी त्यांनी घरी फोन करून कळवलं की जेऊरला नूरभाई नावाचा जुना दोस्त अत्यवस्थ आहे, मी त्याच्या उशाशी आहे.

"नूरभाई," रशीदाबाई म्हणाल्या.

त्या नूरभाईंसाठी त्यांनी तेव्हा सबंध रमजान दुवा मागितली होती. दर आठवड्याला त्यांच्या तब्येतीची चौकशी केली होती. एकदा त्यांच्यासाठी डबाभर शीरखुर्मा करून दिला होता आणि उमरसाहेब तो घेऊन जेऊरला जातो म्हणून निघाले होते.

"तो आमी खाल्ला, भाभी," आण्णा म्हणाले. "लई चांगला झाला होता."

पुढे नूरभाईंची चौकशी थांबेचना, तेव्हा उमरसाहेबांनी त्यांना बरं केलं आणि मुलाकडे सौदीला पाठवून दिलं; बाईंच्या दुव्यात त्यांचं नाव मात्र राहिलंच. आठ महिन्यांपूर्वी, उमरसाहेब गेले तेव्हा, नूरभाईंना कळवायचं राहिलं म्हणून बाईंना फार लागलं होतं.

बाईंनी फोन खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले. आधी मल्लिनाथला वाटलं त्या रडताहेत, मग कळलं हसताहेत, आणि नंतर नक्की काय ते कळेनासं झालं तेव्हा त्याने दुसरीकडे बघितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसून सांगितलं की किंमत पहिलीच राहील, पन्नास हजार कमी होणार नाहीत, आण्णांचं बिल वेगळं. मल्लिनाथने सगळ्याला मान हलवली. चहा घेऊन तो निघाला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"घरी सांगा," त्या म्हणाल्या. "गेल्या गेल्या सांगा. बाईमाणसाला अकरा वर्षं दुवा मागायला लावू नका."

घरी येईपर्यंत मल्लिनाथ वाक्य जुळवत होता. तो पोचला तेव्हा दानम्मा चुलीपाशी पाठमोरी बसली होती. गाडी ठरली, त्याने सांगितलं. मंगळवारी एसटीनेच, पण शुक्रवारी बाबांना तिच्यातूनच आणू. मधे दोन दिवस गॅरेजमध्ये राहील.

"गॅरेजमध्ये कशाला? बारावीत काय निघालं?"

मल्लिनाथने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं.

"टाकीत जरा कचरा होता," तो म्हणाला.

दानम्माने तव्यावरची भाकरी उलटली. इलाहीबक्षच्या बायकोचा फोन दुपारीच येऊन गेला होता.

"कितीचा?" तिने विचारलं. "हजारचा व्हय?"